ऋणमुक्ती आणि आपले अंथरूण
(श्रींच्या वार्षिक उत्सवानिमित्त महाजन व कुळावी मंडळींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रींच्या उत्सवात चार शब्द बोलण्याची आज्ञा समितीने मला केली, हा मी श्रींचा प्रसाद समजतो. मी कीर्तनकार नव्हे, की शास्त्री नव्हे. आयुष्याची चाळीस वर्षे हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेली. तेव्हा ज्या विषयात माझे केस पांढरे झाले, तोच विषय आपल्यापुढे मांडावा असे ठरविले. विषय कर्जाचा आहे. कर्ज माफ कोणी करावे, कशातून करावे, आणि कर्ज काढण्याची वेळच येऊ नये म्हणून गृहस्थाने कसे राहावे, इतकाच त्याचा आवाका. उत्सवाच्या मंगल प्रसंगी कर्जासारखा अमंगळ विषय कशाला, असे कोणाच्या मनात आले तर त्यात नवल नाही. परंतु आपल्याकडे अनेक घरांत कर्जाचा प्रवेश मंगल कार्याच्या निमित्तानेच होत आला आहे, म्हणून मंगल प्रसंगीच त्याविषयी बोललेले बरे.

प्रारंभ आपल्या नावापासूनच करतो. आपण स्वतःस महाजन म्हणवितो. गोमंतकात या शब्दाचा अर्थ देवस्थानाची स्थापना व प्रतिपाळ करणाऱ्या घराण्यांतील पुरुष असा आहे. परंतु गोव्याची सीमा ओलांडून आपण उत्तरेकडे गेलो, तर इंदूर-ग्वाल्हेरकडे खेडेगावचा मनुष्य महाजन म्हणजे व्याजाने पैसे देणारा सावकार असेच समजतो. एकच शब्द एका ठिकाणी देवाच्या सेवकाला, तर दुसऱ्या ठिकाणी धनकोला लागावा, हा मला केवळ भाषेतील योगायोग वाटत नाही. ज्याच्या हाती चार पैशांची सत्ता आहे, त्याने ती कशी वापरावी हा प्रश्न दोन्ही अर्थांच्या मुळाशी आहे.

या प्रश्नाची ओळख मला प्रथम आमच्या घरातच झाली. माझ्या आजोबांचे तालुक्याच्या बाजारात किराणा मालाचे दुकान होते. पावसाळ्याचे चार महिने हातावर पोट असलेली माणसे उधारीवरच जगत. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत, माडावर चढणाऱ्याचे काम मंदावलेले असे, शेतात भात उभे असे पण घरात नसे. तांदूळ, मीठ, रॉकेल, सुकी मासळी, सारे वहीवर लिहून नेले जाई आणि दिवाळीनंतर पीक हाती आले की फेड होई. माझे आजोबा निवर्तले तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा होतो. पुढे मी जाणता झाल्यावर वडिलांनी मला ती लांबट, तांबड्या कापडी बांधणीची वही दाखविली. हिशेब रुपये आणि टंग्यांत होता. बहुतेक खात्यांखाली फेडीची तारीख होती. मात्र काही खात्यांवर एक आडवी रेघ मारून आजोबांनी स्वतःच्या अक्षरात एकच शब्द लिहिला होता. तो शब्द म्हणजे 'देवाक'.

वडिलांना याचा उलगडा आजीने केला. ज्या घरातला कर्ता पुरुष गेला, ज्याची होडी फुटली, ज्याच्या घरी दुखणे आले, त्याची बाकी आजोबा देवाला पावली असे समजून सोडून देत. त्या माणसाला ते कधी बोलावून सांगत नसत. तो पुढच्या वेळी दुकानावर आला, की वहीचे नवे पान उघडत, एवढेच. त्याला ते समजे, पण चारचौघांत त्याची मान खाली जात नसे.

त्या वहीची दुसरीही एक बाजू आहे. ती मी शेवटी सांगेन, कारण तिच्यावाचून ही गोष्ट अर्धी आणि म्हणून असत्य होईल.

बंधूंनो, ऋणमुक्ती म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम श्रीतुकाराम महाराज उभे राहतात. देहूच्या पेठेची महाजनकी त्यांच्या घराण्याकडे होती, घरात वाण्याचा व्यापार आणि देवघेव होती. १६३० च्या सुमाराचा भयंकर दुष्काळ आला. त्यात व्यापार बुडाला आणि प्रथम पत्नी व पुत्र यांचाही वियोग झाला. पुढे वैराग्य बाणल्यावर त्यांनी लोकांकडील येण्याचे कागद इंद्रायणीत सोडून दिले, ही कथा परंपरेने आपणांस पाठ आहे. परंतु त्या कथेतील एक तपशील आपण सांगताना बहुधा गाळतो. त्यांचे धाकटे बंधू कान्होबा यांचाही त्या कागदांवर हक्क होता. महाराजांनी प्रथम कागदांची वाटणी केली, निम्मे कान्होबांना दिले, आणि केवळ आपल्या वाट्याचे कागद नदीत सोडले.

हिशेबनीस म्हणून मला या कथेत वैराग्याइतकीच ही वाटणी महत्त्वाची वाटते. ज्याला सर्वस्वाचा त्याग करावयाचा होता, त्या पुरुषानेही भावाच्या हक्काचा त्याग परस्पर केला नाही. क्षमा करावयाची तर ती स्वतःच्या पदरची करावी. दुसऱ्याच्या पैशाची क्षमा करणे हे औदार्य नव्हे. ती त्या दुसऱ्यावर न विचारता बसविलेली पट्टी होय.

आता आपल्या धर्मशास्त्राने कर्जाचा विचार कसा केला ते थोडक्यात पाहू. मनुष्य देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे घेऊनच जन्मास येतो, असे तैत्तिरीय संहितेत सांगितले आहे. म्हणजे ऋण फेडणे हे आपल्याकडे प्रथमपासूनच धर्मकर्तव्य ठरले. बापाचे ऋण पुत्राने फेडावे असाही दंडक होता, परंतु जुगार आणि मद्य यांपायी झालेले ऋण त्यातून वगळले होते. धनकोच्या लोभालाही शास्त्राने कुंपण घातले. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, हा तो दामदुपटीचा नियम. शंभर रुपये दिले असतील तर वर्षे कितीही लोटोत, दोनशेंच्या वर हात पसरता येत नसे. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत हा नियम मान्य केला होता.

मात्र शास्त्राचा गौरव करताना त्यातील उणे झाकू नये. मनुस्मृतीत तारणावाचूनच्या कर्जासाठी व्याजाचे दर वर्णानुसार दरमहा शेकडा २, ३, ४ आणि ५ असे चढते दिले आहेत, आणि सर्वांत जड दर सर्वांत दुर्बळाच्या माथी आहे. हे जुने झाले असे आपण म्हणू, पण आजही श्रीमंताला घरासाठी स्वस्त कर्ज मिळते आणि मोलमजुरी करणाऱ्या बाईला मंगळसूत्र ठेवून महाग कर्ज घ्यावे लागते. वर्णाचे नाव गेले, चढता दर मात्र राहिला.

शास्त्राचे कुंपण मोडले की काय होते, याचा दाखला दख्खनच्या इतिहासात आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार मोकळ्या हाताने पैसे देऊ लागले, शेतकरी मोकळ्या हाताने घेऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने जमीनमहसुलाची फेरआकारणी करून तो वाढविला. पूर्वी, १८५९ साली, मुदतीचा कायदा झाला होता. त्यामुळे साध्या खतावर तीन वर्षांनंतर दावा चालेना. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता, पण परिणाम उलट झाला. सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवे खत लिहून घेऊ लागला, आणि शेतकरी न वाचताच त्यावर निशाणी करू लागला.

अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोक उठले, आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. या दंग्यांत लोकांचा रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. खते हाती आली की ती जाळून लोक बहुधा परत जात. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. खताच्या आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार काय होता हे तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला, आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे बंद झाले. कायदा चांगला होता. पण लवकरच अनेक सावकार गहाणखताऐवजी थेट खरेदीखतच लिहून घेऊ लागले. कागद जाळून किंवा कायदा बदलून कर्जाची गरज जळत नाही, हा यातील धडा आहे. ज्या घरात पुढच्या पेरणीला पैसा नाही, ते घर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात उभे राहते.

त्या गरजेलाच उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न मराठी माणसाच्या हातून वडोदऱ्यात झाला, याचा आपण अभिमान बाळगावा. १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने तेथे अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन झाली. सभासदांनी आपल्या मिळकतीतून थोडे थोडे बाजूस टाकावे आणि त्यातूनच अडलेल्या सभासदाला माफक व्याजाने द्यावे, अशी ही योजना होती. सरकारचा सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०४ मध्ये आला. ती संस्था शतकाहून अधिक काळ चालली आणि शेवटी तीही बंद पडली. तरी तिच्या नावातील 'अन्योन्य' हा शब्द मला आजही मोलाचा वाटतो. तेथे देणारा आणि घेणारा एकाच पंगतीला बसत असत.

अलीकडच्या काळातील मोठी कर्जमाफी म्हणजे २००८ ची केंद्र सरकारची योजना. दोन हेक्टरांपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्याचे संस्थांकडील थकलेले पीककर्ज पूर्ण माफ झाले. त्याहून अधिक जमीन असलेल्यास, त्याने ७५ टक्के भरल्यास उरलेल्या २५ टक्क्यांची सूट मिळाली. अनेक घरांतील चूल यामुळे पेटती राहिली, हे मी नाकारत नाही. परंतु भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये जो अहवाल दिला, त्यात तपासलेल्या ९०,५७६ खात्यांपैकी सुमारे २२ टक्के खात्यांत चुका आढळल्या. पात्र असून वगळलेले होते, अपात्र असून लाभ मिळालेले होते. शिवाय जो शेतकरी खासगी सावकाराच्या पाशात होता, त्याला या योजनेचा उपयोग नव्हता, आणि ज्याने पोटाला चिमटा घेऊन हप्ता वेळेवर भरला होता, त्याच्या हाती काहीच आले नाही. माफी देताना प्रामाणिक माणूस मूर्ख ठरणार नाही, एवढी काळजी घेतली पाहिजे. ज्या समाजात फेडणारा पस्तावतो, तेथे पुढच्या खेपेला कोणी कोणाला देत नाही.

आता मी आजोबांच्या वहीची दुसरी बाजू सांगतो.

माझ्या आत्याचे लग्न ठरले तेव्हा आजोबांनी ते आपल्या ऐपतीप्रमाणे न करता आपल्या नावाप्रमाणे केले. चार दिवसांच्या पंगती झाल्या, वाजंत्री बाहेरगावची आली, दागिने शहरातून घडवून आणले. पैसा कोठून आला हे त्या वेळी कोणी विचारले नाही. आमचे एक कुळागर होते. पोफळी, केळी, मिरवेली, आणि मधून वाहणारा पाण्याचा पाट. ते एका धनिकाकडे गहाण पडले होते. आजोबा गेले, मुदत टळली आणि कुळागर गेले. त्यात आजोबांच्या धाकट्या भावाचाही अर्धा वाटा होता. काकाआजोबांनी भावावरील विश्वासाने कागदावर सही केली होती. त्यांची मुले पुढे मुंबईस गिरणीत आणि हॉटेलांत नोकरीस गेली. दोन्ही घरांत कित्येक वर्षे जाणे-येणे नव्हते. त्यांच्या एका मुलाने मला वयस्क झाल्यावर एकदाच विचारले, "बाबा, तुमच्या आजोबांनी लोकांना सोडले ते आमच्याच वाट्यातले ना?" मला उत्तर देता आले नाही.

आजही त्या रस्त्याने जाताना माझी मान आपोआप त्या कुळागराकडे वळते. ज्या पुरुषाने परक्याची लाज राखली, त्याला स्वतःच्या घराचे अंथरूण दिसू नये, हे मला फार दिवस कोडे वाटत असे. वय झाल्यावर त्याचा थोडा उलगडा झाला. बाकी सोडून देणे आणि ऋण काढून सण करणे या दोन्ही गोष्टी लोकांत हात मोठा आहे अशी कीर्ती देतात. बाहेरून दोहोंचे रूप सारखेच दिसते. पहिली स्वतःच्या मिळकतीतून होते तोवर ती दया आहे. दुसरी उद्याच्या आणि दुसऱ्याच्या मिळकतीतून होते, आणि एकदा घरात दुसरीची सवय शिरली की पहिलीही संशयास्पद होते. आजोबांनी कागदांची वाटणी केली नाही, ही त्यांची चूक.

हा मोह आजोबांबरोबर संपला असे मात्र नाही. आज तो खिशातील कार्डात आणि हातातील मोबाइलमध्ये आहे. अनेक क्रेडिट कार्डांवर थकीत रकमेला दरमहा शेकडा तीनच्या आसपास व्याज पडते. हे व्याज महिन्याच्या महिन्याला मुद्दलात मिळत राहिले, तर फेड न केलेले शंभर रुपये सुमारे दोन वर्षांत दोनशे होतात. म्हणजे दामदुपटीची मर्यादा दोन वर्षांत गाठली जाते, आणि तेथे थांबण्याचा नियम आता कार्डाला लागू नाही. पूर्वी कर्ज मागायला जाताना माणसाचे पाय जड होत. त्या जडपणात त्याला विचार करायला वेळ मिळे. आता बोटाच्या एका टोकाने कर्ज मिळते, आणि पाय जड होतात ते फेडताना.

मी कर्जाचा सरसकट शत्रू नाही. शिक्षणासाठी, राहत्या घरासाठी, धंद्याच्या भांडवलासाठी हिशेबाने घेतलेले कर्ज हे बियाण्यासारखे आहे. ते पेरले जाते आणि त्यातून उगवते. परंतु जे कर्ज पंगतीत वाढले जाते, मंडपात मिरविले जाते आणि चौथ्या दिवशी केरात जाते, त्याची फेड करायला पीक कोठून यावयाचे? आपल्या मुलामुलींना मी एकच साधी कसोटी सांगत असतो. ज्या वस्तूचे आयुष्य हप्त्यांच्या आयुष्याहून कमी, ती हप्त्याने घेऊ नये.

शेवटी आपल्या देवस्थानाविषयी. गोव्यातील देवस्थानांच्या महाजन-मंडळांना १८८६ मध्ये आणि पुन्हा १९३३ मध्ये पोर्तुगीज राजवटीने नियमावली घालून दिली. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, मुखत्यार यांची समिती असावी, जमाखर्च लिहिलेला असावा, वार्षिक अंदाजपत्रक मंजूर करून घ्यावे, ही शिस्त त्यातून आली. परक्या सत्तेचा त्यातील अंकुश आपल्या वाडवडिलांना जाचला असेल, पण अंदाजपत्रकाबाहेर खर्च करू नये हा दंडक परका नव्हे. पुढे १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा झाला. जमिनीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या देवस्थानांचे अंथरूण आखूड झाले. कसणाऱ्याला जमीन आणि राहणाऱ्याला घर मिळाले हे न्याय्यच झाले. आपले पाय मात्र त्या मानाने आवरले गेले का, हे प्रत्येक देवस्थानाने स्वतःस विचारावे.

आपल्यापुढे आज दोन सूचना आहेत, असे समितीने मला सांगितले. एक, सभामंडपाचे काम कर्ज काढून लवकर पुरे करावे. दुसरी, देवस्थानाच्या काही गरीब देणेकऱ्यांची जुनी बाकी श्रींच्या नावे माफ करावी. दोन्हींमागे भक्ती आहे यात शंका नाही. माझे नम्र मत असे, की मंडप जमेल तितकाच वाढवावा. यंदा खांब उभे राहिले आणि छप्पर पुढच्या वर्षी पडले, तर श्रींना त्याचे उणे वाटणार नाही. आणि बाकीविषयी म्हणावयाचे तर ती श्रींची आहे, आपली नाही. आपण तिचे रखवालदार. ती परस्पर सोडून देण्याचा आपणांस अधिकार नाही. परंतु ती आपण फेडू शकतो. आपल्यापैकी ज्यांना ती माफ व्हावी असे वाटते, त्यांनी आपल्या खिशातून ती श्रींच्या तिजोरीत भरावी आणि त्या देणेकऱ्याच्या खात्यावर रेघ ओढावी. त्यात कोणाचे नाव वाचून दाखवू नये, देणाऱ्याचेही नाही आणि घेणाऱ्याचेही नाही. देवस्वाला धक्का लागणार नाही, आणि गरिबाची मानही खाली जाणार नाही.

या कामाचा आरंभ म्हणून मी माझ्या वाट्याची अल्प रक्कम आज खजिनदारांकडे दिली आहे. ती सांगण्यात संकोच वाटतो, पण न सांगता नुसता उपदेश करणे त्याहून वाईट झाले असते. आणखी एक गोष्ट. काकाआजोबांच्या घरचा तो माझा चुलतबंधू आज या सभेत बसला आहे. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला तीस वर्षांनी देता येते आहे. होय, ते तुमच्याच वाट्यातले होते. आणि ज्या कुटुंबांना त्या पावसाळ्यांत तांदूळ मिळाला, त्यांच्या आशीर्वादाचा अर्धा वाटाही तुमचाच आहे.